अनुभव धागा : आपले बोलिव्हियन आणि इराणी शेजारी, त्यांची कमाई आणि त्यांचे कागद

धागाकर्ती, फेअरफॅक्स (व्हर्जिनिया)

वॉशिंग्टनलगतच्या उत्तर व्हर्जिनियात मी बावीस वर्षे राहते. दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आमच्या वाचनालयात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची प्राप्तिकराची विवरणपत्रे विनामूल्य भरून दिली जातात आणि त्या कामासाठी मी स्वयंसेवक म्हणून बसते. समोरच्या खुर्चीवर जगभरचे लोक येऊन जातात, तरी दोन समाजांविषयी मला विशेष ओढ वाटते. एक बोलिव्हियन, कारण अमेरिकेतील त्यांची सर्वांत मोठी वस्ती आमच्याच परिसरात, आर्लिंग्टन आणि फेअरफॅक्समध्ये आहे. आणि दुसरा इराणी, ज्यांची अमेरिकेतील मुख्य वस्ती लॉस एंजेलिसमध्ये असली तरी मॅक्लीन, व्हिएन्ना, टायसन्स या आमच्या गावांतही त्यांची घरे भरपूर आहेत.

आपल्या मंडळींच्या गप्पांत एक वाक्य मी वारंवार ऐकते : 'इराणी मुळातच व्यापारी आणि हुशार, बोलिव्हियन बिचारे कष्टाळू, पण पुढे सरकत नाहीत.' हे मला मुळीच पटत नाही. हे दोन्ही समाज कोणत्या साली आले, कोणत्या व्हिसावर आले आणि येताना खिशात काय होते, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या आजच्या घरांची तुलना करणे अन्यायाचे आहे. इराणमध्ये क्रांती झाली त्या सुमारास, १९७९-८० च्या शैक्षणिक वर्षात, अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत इराणी सर्वाधिक होते, ५०,००० हून अधिक. त्यांचे शिक्षण येथलेच होते, इंग्रजी पक्के होते, आणि मागाहून त्यांचे आईवडील व भावंडे आली. बोलिव्हियातून मोठा ओघ सुरू झाला तो १९८० च्या दशकातील आर्थिक कोसळणीनंतर. १९८५ साली तेथील महागाई वर्षभरात ८,००० टक्क्यांहून अधिक वाढली, त्याच वर्षी जगात कथिलाचा भाव पडला, सरकारी खाणींतून २०,००० हून अधिक कामगार घरी बसले, आणि १९८७ मध्ये जुन्या दहा लाख पेसोंच्या जागी एक नवा बोलिव्हियानो आला. ज्यांची बचत अशी कागद होऊन गेली, ते येताना काय आणणार होते?

आपण या लोकांबरोबर काम केले असेल, शेजारी राहिला असाल, तर स्वतः पाहिलेले लिहावे ही विनंती. ऐकीव गोष्टी नकोत, आणि कोणाची ओळख पटेल असे तपशीलही नकोत.

आर्लिंग्टनहून, बांधकाम अभियंता

ताई, आपण विषय काढलात हे फार बरे केलेत, कारण माझी पंधरा वर्षे या लोकांच्या खांद्याला खांदा लावून गेली आहेत. आमच्या साइटवर ड्रायवॉल (जिप्समच्या तयार भिंती), रंगकाम आणि काँक्रीटच्या साच्यांचे काम करणाऱ्या टोळ्यांत अर्धी माणसे बोलिव्हियन असत, आणि त्यांतील बहुतेक कोचाबांबा शहराच्या आग्नेयेकडील 'वाये आल्तो' या खोऱ्यातली. ताराता, आर्बिएतो, पुनाता, क्लिसा ही गावांची नावे मला आता सातारा-कराडइतकी पाठ आहेत. या खोऱ्यातील लोक आधी कामासाठी अर्जेंटिनाला जात. तेथेही चलन ढासळले तेव्हा पावले उत्तरेकडे वळली. एक आला, त्याने मेहुण्याला बोलावले, मेहुण्याने गावातल्या चौघांना. कोकणातून गिरणगावात माणसे आली आणि गाववाल्यांच्या खोल्यांत राहिली, त्याच रीतीने.

एक प्रसंग मला विशेष आठवतो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बाराजण उलट्या ठेवलेल्या बादल्यांवर बसले होते. मुकादमाने पिवळे हेल्मेट काढून उताणे धरले, त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या टाकल्या आणि सर्वांत लहान मुलाला एक उचलायला सांगितली. प्रत्येकाने पाचशे डॉलर दिले आणि सहा हजारांची गड्डी एकाच्या हातात गेली. मी उडालोच, कारण ही आपली भिशी होती! त्यांच्या भाषेत तिला 'पासानाकु' म्हणतात. आपापसात फिरवायचे, असा केचुआ भाषेतला अर्थ आहे. ज्याला ती उचल मिळाली, त्याने जुना पिकअप ट्रक घेतला आणि दोन वर्षांनी तो स्वतःच छोटा ठेकेदार झाला. बँक ज्यांना दारात उभे करत नाही, त्यांच्या धंद्याचे पहिले भांडवल असे हेल्मेटमधून निघते.

हाच माणूस २००८ च्या मंदीत पुन्हा रोजंदारीवर आला, कारण घरबांधणी थांबली की या समाजाची चूल थेट थांबते. एकाच धंद्यात सगळे गाव उतरले की काम लवकर मिळते हे खरे, पण धंदा बसला की सगळे गाव एकदम बसते.

लॉस एंजेलिसहून

मी वेस्टवुडजवळ राहते. तेथील वेस्टवुड बुलेव्हार्डवर फारसी पाट्यांची पुस्तकांची, मिठाईची, गालिच्यांची दुकाने ओळीने आहेत, आणि शेजारच्या बेव्हर्ली हिल्समध्ये २००७ साली इराणमध्ये जन्मलेले जिमी देलशाद महापौर झाले. या चित्रामुळे सर्व इराणी श्रीमंत असे वाटते. माझ्या इमारतीतील एका वृद्ध खानमांमुळे (खानम म्हणजे फारसीत बाई) मला दुसरी बाजू कळली. त्या शिराझमध्ये शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मुलगी येथे नागरिक झाल्यावर तिने आईला ग्रीन कार्डवर बोलावले. खानमांचे निवृत्तिवेतन इराणमध्ये आजही जमा होते, पण १९७८ मध्ये डॉलरला साधारण ७० रियाल पडत आणि २०२३ मध्ये खुल्या बाजारात तोच भाव पाच लाखांच्या घरात गेला. आयुष्यभराच्या नोकरीच्या वेतनात येथे महिन्याचा किराणाही भरत नाही, आणि तो पैसा येथे आणणेही सोपे नाही. एकदा त्यांनी मला चहाबरोबर नबात, म्हणजे केशरी खडीसाखर, दिली आणि पासबुक उघडून आकडा दाखवला. नऊ आकडी रक्कम होती. त्या म्हणाल्या, 'कागदावर मी कोट्यधीश आहे, पण दाताचे काम करून घ्यायला मुलीपुढे हात पसरते.'

१९७९ च्या आसपास आलेल्यांपैकी काहींनी मालमत्ता विकून पैसा बाहेर काढला होता आणि त्यावर दुकाने व जमिनी उभ्या राहिल्या. नंतर आलेल्यांच्या हाती पदव्या होत्या, पैसा नव्हता. एकाच रस्त्यावरच्या या दोन पिढ्यांना एका मापाने मोजू नये.

मुंबईहून

धाग्याशी थोडा लांबचा, पण खरा संबंध सांगतो. माझे आजोबा गिरगावातील एका इराणी हॉटेलात हिशेब लिहीत. ते सांगत की मालक यझदच्या बाजूच्या खेड्यातून आला होता आणि पहिली काही वर्षे रात्री हॉटेलच्या टेबलांवरच अंथरूण टाकून झोपत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी यझद-केरमानकडून मुंबईत आलेले हे झोराष्ट्रियन बहुतेक गरीब होते. छळ आणि दुष्काळ मागे टाकून आले आणि भागीदारीत पैसे घालून त्यांनी नाक्यानाक्यावर चहाची दुकाने काढली. १९०४ चे कयानी आणि १९२३ चे ब्रिटानिया ही नावे आपल्याला ठाऊक आहेतच. तेव्हा 'इराणी म्हणजे पैसेवाला' हे मुंबईच्या माणसाने तरी म्हणू नये.

एका विद्यापीठ-गावातून, संशोधक

माझ्या प्रयोगशाळेत शेजारच्या बाकावर तेहरानचा मुलगा होता. त्याच्याकडून मी शिकलो की इराणी माणसाची आर्थिक स्थिती पगारावरून कळत नाही. तेहरानमध्ये १९८० पासून अमेरिकी वकिलात नाही, म्हणून व्हिसाच्या मुलाखतीसाठी तो आणि त्याचे वडील अंकारापर्यंत गेले; विमानभाडे, हॉटेल, पुन्हा बोलावणे, असे सारे धरून घरची एका वर्षाची बचत त्यात संपली. बऱ्याच इराणी विद्यार्थ्यांप्रमाणे त्यालाही एकदाच प्रवेशाचा व्हिसा मिळाला होता, म्हणून आई आजारी पडली तेव्हा गेलो तर परतता येईल का, या विचाराने तो गेला नाही. इराणसह सात देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेशबंदी करणारा २७ जानेवारी २०१७ चा आदेश निघाला त्या आठवड्यात तो बाकावर येऊन नुसता बसत असे. काम होत नसे.

पुढे त्याच्या बँकेने काही कारण न देता त्याचे खाते बंद केले आणि शिल्लक रकमेचा धनादेश टपालाने पाठवला. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे येथून इराणमधील बँकेत थेट पैसे जात नाहीत. आईच्या औषधांसाठी चारशे डॉलर पाठवायचे तर तिसऱ्या देशातील ओळखीचा माणूस किंवा 'सर्राफ', म्हणजे पैसे बदलून पोहोचवणारा, गाठायचा, आणि मध्ये कायद्याची भीती. (आपला 'सराफ' हा शब्द त्याच वाटेने आपल्याकडे आला आहे, हे त्याला सांगितले तेव्हा तो पुष्कळ दिवसांनी हसला.) बोलिव्हियन कामगार शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा मिनिटांत घरी पैसे पाठवतो. या एका बाबतीत त्या कामगाराची स्थिती या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याहून बरी होती.

फॉल्स चर्चहून, दोन मुलांची आई

आमची दोन्ही मुले ज्यांनी सांभाळली, त्या बाई पुनाताजवळच्या खेड्यात प्राथमिक शिक्षिका होत्या. आम्ही त्यांना दोन्या (स्पॅनिशमध्ये बाई) म्हणतो आणि मुले आजी म्हणतात. पर्यटक व्हिसावर त्या आल्या, मुदत संपली आणि त्या राहिल्या. तेव्हापासून त्या एकदाही घरी जाऊ शकल्या नाहीत. अठरा वर्षांत त्यांनी गावी दुमजली घर बांधले, विहीर खोदली आणि भावाच्या जमिनीत पीचची बाग लावली. त्या खोऱ्यात अशा बागा आणि अशी बंद घरे पुष्कळ आहेत. त्यांच्या घराचे काम मी फोनवरच्या छायाचित्रांतून पायरीपायरीने पाहिले आहे. एकदा भावाने स्वयंपाकघराच्या फरशीचे दोन नमुने दाखवले, तर दोन्यांनी चष्मा लावून, फोन खिडकीच्या उजेडात धरून, पाच मिनिटे विचार करून हिरवी फरशी निवडली. त्या फरशीवर त्यांचे पाऊल अजून पडलेले नाही. कमाई येथे, मालमत्ता तेथे, आणि मधली सरहद्द ओलांडता येत नाही. हे दारिद्र्य नव्हे, पण त्याला सुस्थिती म्हणायला माझी जीभ वळत नाही.

त्यांचा मुलगा सात वर्षांचा असताना आला. लहानपणी येऊन विनाकागद राहिलेल्या मुलांसाठीच्या २०१२ च्या डाका योजनेमुळे त्याला काम करण्याचा परवाना मिळाला, आणि एप्रिल २०१४ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी अशा मुलांना महाविद्यालयात व्हर्जिनियातील रहिवाशांचेच कमी शुल्क लागू होईल असे जाहीर केले. बातमी लागली त्या संध्याकाळी दोन्या आमच्या स्वयंपाकघरात रडल्या, कारण बाहेरच्यांचे शुल्क त्यांना कधीच झेपले नसते. तो आज लेखापाल आहे. कोचाबांबात जन्मलेल्या एमा व्हायोलँड-सांचेझ २००८ साली आर्लिंग्टनच्या शाळा मंडळावर निवडून आल्या. अशाच मुलांना शिष्यवृत्त्या देण्यासाठी त्यांनी 'ड्रीम प्रोजेक्ट' उभा केला. दोन्यांच्या घरातील भिंतीवर कोचाबांबाकडची मेरी माता उर्कुपिन्या हिच्या चित्राशेजारी एमाबाईंचे वर्तमानपत्रातील छायाचित्र लावलेले आहे.

मला वाटते, इराणी कुटुंबांना जे पहिल्याच पिढीत मिळाले ते बोलिव्हियनांना दुसऱ्या पिढीत मिळू लागले आहे, आणि तेही ज्यांचे कागद झाले त्यांनाच. अनुशेह अन्सारी १९८४ साली इराणहून आल्या आणि आमच्या शेजारच्याच जॉर्ज मेसन विद्यापीठात अभियांत्रिकी शिकल्या. २००६ मध्ये त्या अंतराळात गेल्या. त्यांची बुद्धी वादातीत आहे. तरीही किशोरवयात रीतसर येऊन सरळ महाविद्यालयाच्या दारात उभे राहता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे दोन्यांच्या मुलाकडे पाहिल्यावर कळते.

धागाकर्ती, पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिलेत ते वाचताना मला मागच्या मार्चमधील एक शनिवार आठवत राहिला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते.

सकाळी एक बोलिव्हियन कुटुंब आले. नवरा प्लंबर, बायको दोन कार्यालये साफ करणारी, मुलगी दवाखान्यात मदतनीस, मुलगा गोदामात. चौघांची मिळून तीन विवरणपत्रे झाली, कारण मुले सज्ञान आहेत, आणि घरातील एकूण रक्कम एक लाख चार हजार डॉलर निघाली. आईवडिलांचा कर सोशल सिक्युरिटी क्रमांकावर नव्हे, तर तो क्रमांक नसलेल्यांना करासाठी मिळणाऱ्या, ९ ने सुरू होणाऱ्या आयटिन क्रमांकावर भरला जातो. कर पूर्ण भरायचा, पण कमी वेतनाच्या कामगारांना मिळणारी सवलत त्या क्रमांकावर मिळत नाही. २०२० च्या महामारीतील मदतीचा धनादेशही त्यांना आला नव्हता.

दुपारी एक इराणी जोडपे आले. भावाने अर्ज केल्यावर बारा वर्षे रांगेत थांबून, साठीला टेकल्यावर ते येथे पोहोचले. ते गृहस्थ इस्फहानमध्ये पूल बांधणारे अभियंता होते आणि आता वाहनतळावर रात्रपाळी करतात. उत्पन्न एकोणतीस हजार. भाऊ १९७७ साली विद्यार्थी म्हणून आला, तो मॅक्लीनमध्ये मोठ्या घरात राहतो. मी जनगणनेच्या अर्जाची सवय म्हणून वंशाविषयी विचारले, तर ते म्हणाले की इतकी वर्षे आम्हाला 'श्वेतवर्णीय' या चौकटीतच खूण करायला सांगत. मध्यपूर्वेसाठी वेगळी चौकट मार्च २०२४ मध्ये मंजूर झाली आहे हे मी त्यांना सांगितले.

निघताना बाईंनी पिशवीतून पिस्ते काढून टेबलावर ठेवले. आम्हाला काही स्वीकारता येत नाही, असे मी सांगितले. त्यांनी ते उचलून बाकावर बसलेल्या त्या प्लंबरच्या बायकोसमोर धरले, जी मुलाच्या कागदावरची एक सही राहिली म्हणून परत आली होती. दोघींची एकमेकींना समजेल अशी भाषा नव्हती. तिने दोन्ही हातांनी मूठभर घेतले आणि मुलाची सही होईपर्यंत दोघी टरफले रुमालात गोळा करत तेथेच बसून राहिल्या.