अनुभव धागा: तीन ते सहा वयाची मुलं मारतात, ढकलतात, चावतात, तेव्हा नेमकं काय करायचं?

बालवाडी संचालिका, राजारामपुरी

जूनमध्ये नवा वर्ग भरला की दुसऱ्या आठवड्यापासून दारात तक्रारी सुरू होतात: ओरबाडलं, ढकललं, डबा ओढला, चावला. आज जिच्या बाळाला लागलं ती आई तक्रार घेऊन येते, आणि चार दिवसांनी तिच्याच बाळाची तक्रार घेऊन दुसरी येते. म्हणून हा धागा. जे रोज या वयाच्या मुलांत असतात त्यांनी लिहावं. घरचे किस्से नकोत. काय केलं की फरक पडतो आणि कुठं फसतं, तेवढं सांगा.

दोन गोष्टी आधी मांडते. मारणं-हिसकावणं दोन ते चार या वयात सगळ्यात जास्त दिसतं आणि बोलणं व थांबणं जमू लागलं की बहुतेक मुलांत ओसरतं. म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलावर ‘मारकुटा’ असा शिक्का मारू नका. तो शिक्का इतर मुलांच्याही तोंडी बसतो, मग कुणाचं पाणी सांडलं तरी नाव त्याचंच येतं. दुसरं म्हणजे, तीन वर्षांची मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच खेळाचे हे टप्पे मांडले: एकट्यानं, बघत बसून, समांतर, मग हळूहळू एकमेकांत मिसळून. तीन वर्षांच्या मुलाकडून ‘सगळे मिळून एक घर बांधा’ अशी अपेक्षा केली की भांडण ठरलेलंच.

शिक्षिका, मंगळवार पेठ

मार बसला त्या क्षणी काय करायचं ते क्रमानं लिहिते, कारण निम्मी चूक तिथंच होते.

लांबून ओरडू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून “ए, सोड त्याला!” म्हटलं की सगळा वर्ग थबकून बघतो आणि मारणाऱ्याला प्रेक्षक मिळतात. चालत जा, दोघांच्या मध्ये गुडघ्यावर बसा, स्वतःचा हात आडवा धरा. मुलाला मनगटाला धरून हिसडा देऊ नका. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं कोपरातलं हाड अशा ओढण्यानं जागेवरून सरकू शकतं. उचलायचंच झालं तर काखेत हात घालून उचला. मग एवढंच: “मारायचं नाही. दुखतं.” पुढं भाषण नको. चिडलेल्या मुलापर्यंत लांब वाक्य पोचतच नाही.

ज्याला लागलं त्याच्याकडं आधी वळा. मारणाऱ्याकडं आधी वळलात तर मारलं की बाई जवळ येतात, हा धडा तो पक्का करतो. दोन-तीन मिनिटांनी त्याच्याजवळ बसा. “का मारलंस?” विचारू नका. या वयात ‘का’ला उत्तर नसतं, मूल नुसतं बोट दाखवतं. “तुला काय हवं होतं?” याला मात्र उत्तर येतं: “लाल गाडी.” आता त्याला वाक्य द्या, “मला देशील?” आणि तिथल्या तिथं म्हणवून घ्या. समोरचा नाही म्हणाला तर दुसरं वाक्य, “तुझं झालं की मला दे.” ज्याला मार बसला त्यालाही एक वाक्य लागतं: हात पुढं करून, “थांब! मला नाही आवडत.”

वर्गात ही तीनच वाक्यं ठेवा. दहा ठेवली तर एकही बसत नाही. रोज सकाळी गोलात मोज्याच्या बाहुल्यांकडून त्यांचा सराव घ्या, पाच मिनिटं पुरे. जुना मोजा, डोळ्यांच्या जागी बटणं, तीही घट्ट शिवलेली; चिकटवलेलं बटण निघून तोंडात जातं. आणि बाहुल्यांना मारामारी करायला लावू नका, मुलं नेमकं तेवढंच उचलतात. बाहुली अडते, तिला काय बोलायचं सुचत नाही, आणि मुलं तिला वाक्य सांगतात, असा खेळ ठेवा. भांडण चालू असताना वाक्य आपसूक तोंडात यायला सहा-सात आठवडे धरा. पहिल्या पंधरवड्यात मूल वाक्यही बोलतं आणि हातही उगारतं. तिथं पुष्कळ जणी हात टेकतात. टेकू नका, वाक्य आलंय म्हणजे काम सुरू झालंय.

‘सॉरी म्हण’ ही सक्ती मला पटत नाही. मूल मान फिरवून “सॉरी” म्हणतं आणि मोकळं होतं. त्यापेक्षा भरपाई करू द्या: ओला रुमाल आणून देणं, पाडलेला मनोरा परत रचायला हात लावणं, सांडलेले मणी वेचणं.

अंगणवाडी सेविका, करवीर तालुका

मॅडमनी भांडण झाल्यावरचं लिहिलं. मी आधीचं लिहिते. बहुतेक मारामाऱ्या जागेच्या आणि वेळेच्या असतात.

हात धुण्याची रांग बघा. पंचवीस मुलं, नळ एक. मुलामागं अर्धा मिनिट धरला तरी शेवटच्याला बारा मिनिटं उभं राहावं लागतं. तीन वर्षांचं मूल एवढं थांबत नाही, ते पुढच्याला ढकलतं. पाच-पाचजण सोडायचे, बाकीचे मदतनीसताईंबरोबर गाणी म्हणत बसलेले. जमिनीवर खडूनं पावलं काढायची, दोन पावलांत मोठ्या माणसाचा हातभर अंतर. प्रत्येकानं आपल्या पावलावर उभं राहायचं. खडू रोज पुसतो, म्हणून ऑइलपेंट बरा.

खेळणी दहा प्रकारची एकेक असण्यापेक्षा मागणीतली तीन-तीन असू द्या. भातुकलीत सगळ्यांना गॅसच हवा असतो, कपबशीसाठी कुणी भांडत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यावर काळी वर्तुळं काढली की दुसरा, तिसरा गॅस तयार होतो. भातुकलीच्या कोपऱ्यात चार पाट ठेवा. पाट भरले की पाचव्यानं थांबायचं. “जागा नाही” हे बाईंनी सांगावं लागत नाही, ते त्याला स्वतःला दिसतं. पाळी मोजायला तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ चांगलं, कारण वाळू पडताना दिसते. “पाच मिनिटांनी देईल” याला त्यांच्या लेखी काहीच अर्थ नाही. घड्याळ नसेल तर एखादं बडबडगीत दोनदा म्हणा, संपलं की पाळी बदलली.

आणि खाऊच्या आधीचा अर्धा तास. पोटात कावळे ओरडत असताना ठोकळे, गाड्या असली हिसकाहिसकीची खेळणी काढू नका. तेव्हा गोष्ट सांगा.

तालमीत लहान गटाला व्यायाम शिकवणारा, शिवाजी पेठ

कोल्हापुरात पोरगं धड चालायला लागलं की त्याला शड्डू ठोकायला शिकवतात. त्यात वाईट काही नाही, पण दंगामस्ती आणि भांडण यांतला फरक मोठ्यांना ओळखता आला पाहिजे. मस्ती चालली असेल तर पोरांचे चेहरे हसरे असतात, एकदा हा खाली, एकदा तो, आणि सुटल्यावर दोघं परत एकमेकांकडंच पळतात. भांडणात जबडा आवळलेला, मूठ गच्च, एकच पोरगं कायम खाली, आणि सुटल्यावर ते लांब पळतं. पहिल्या प्रकारात मध्ये पडायची गरज नाही. उलट त्यातूनच आपला जोर किती लावायचा हे पोराला कळतं.

चार वर्षांच्या वरच्यांना नियमानं मस्ती खेळवा. गादीवर किंवा मऊ मातीत, दोघंही गुडघ्यांवर, उभ्यानं नाही. गळा, तोंड, कान, केस यांना हात लावायचा नाही. आधी हात मिळवायचा, शेवटीही मिळवायचा. एकानं “बास” म्हटलं की दोघांचे हात वर. वीस आकडे मोजून होईपर्यंत एक डाव, तीन डाव झाले की जोडी बदलायची. वजनानं जोडी लावा, वयानं नको.

बिघडतं ते बाहेर बसलेल्यांमुळं. काका-मामा “हाण, पाड त्याला” म्हणून ओरडले की खेळाची कुस्ती आणि कुस्तीची हाणामारी होते. त्यांना आधी गप्प बसवा. आणि हसणं थांबलं की डाव थांबवा, आकडे पुरे व्हायची वाट बघू नका.

वाचा-उपचारतज्ज्ञ

जे मूल बोलू शकत नाही ते हातानं बोलतं. मारणाऱ्या मुलाचं बोलणं आधी ऐका. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडतं (“आई पाणी”), तिसऱ्या वर्षी तीन-चार शब्दांची वाक्यं येतात आणि परक्या माणसालाही त्याचं बरंचसं बोलणं कळतं. हे नसेल तर ‘हट्टी आहे’ म्हणण्याआधी कान तपासा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागं पाणी साचू शकतं आणि ऐकू कमी येतं. त्याला “थांब” ऐकूच गेलं नाही, आणि आपल्याला वाटतं ऐकत नाही. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी मूल गैरहजर ठेवू नका.

बोलणं येईपर्यंत खुणा शिकवा. तळहात पुढं म्हणजे थांब, हाताची ओंजळ म्हणजे दे. खुणा शिकल्यानं बोलणं मागं पडत नाही.

निवृत्त बालशिक्षिका, कसबा बावडा

घरातल्या एका सवयीबद्दल सांगते. लेकरू धडपडलं की आजी फरशीला चापट मारते, “हात् फरशे, आमच्या बाळाला लागलं!” बाळ रडायचं थांबतं, म्हणून सगळ्यांना बरं वाटतं. पण लेकरू शिकतं काय? लागलं की कुणालातरी मारायचं असतं. दुसऱ्या दिवशी चुलतभावाचा धक्का लागतो आणि हे त्याला चापट मारतं, मग तीच आजी रागावते. त्याऐवजी “कुठं लागलं? दाखव, फुंकर घालू” एवढं म्हणा, रडं तेवढंच लवकर थांबतं.

तसंच बाळानं आजोबांच्या गालावर चापट मारली की सगळं घर हसतं. ते दोन वर्षांचं असताना आपण हसायचं आणि चौथ्या वर्षी त्यावरून त्याला मारायचं, हे त्याला समजणार कसं? मुलं बघून उचलतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ च्या प्रयोगात हे दाखवलं: हवा भरलेल्या बाहुलीला बदडणारं मोठं माणूस ज्यांनी पाहिलं, त्या मुलांनी पुढं तिला तसंच बदडलं. मारणाऱ्या मुलाला ‘मारू नये’ म्हणून धपाटा घालणं याच हिशोबात बसतं.

बालविकास समुपदेशक

दहा दिवस एक वही ठेवा. रोज पाचच गोष्टी: किती वाजता, कुठं, कुणाबरोबर, त्याआधी काय झालं, आणि त्यानंतर मुलाला काय मिळालं. शेवटचा रकाना लोक विसरतात आणि उत्तर बहुधा तिथंच असतं. मारल्यावर गाडी मिळाली? खेळ बंद होऊन आई जवळ आली? मग मारणं उपयोगी पडलं, आणि ते पुन्हा होणार. सोमवारीच जास्त होत असेल तर रविवारची झोप विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून १० ते १३ तास झोप हवी आणि स्क्रीन एका तासाच्या वर नको.

शाळांमधल्या ‘शांत कोपऱ्या’बद्दल, म्हणजे चिडलेल्या मुलानं शांत व्हावं म्हणून ठेवलेल्या जागेबद्दल. कोपरा चांगला, पण मुलाला तिकडं हाकलू नका, मोठ्यानं बरोबर जाऊन बसा. एकटं बसवलं की ती शिक्षा होते आणि पुढच्या वेळी मूल कोपऱ्यापर्यंत जातानाच लाथा झाडतं.

डॉक्टरांना कधी दाखवायचं: रोज कुणाला ना कुणाला इजा होते, मूल स्वतःलाच मारून घेतं, आलेलं बोलणं गेलं, हाक मारली तरी वळत नाही, किंवा पाच वर्षं उलटली तरी मारणं कमी व्हायचं नाव नाही.

प्रश्न, उद्यमनगर

चावलं तर? आमच्याकडं “तूही चावून दाखव त्याला, मग कळेल” असा सल्ला मिळतो.

बालरोगतज्ज्ञ

तो सल्ला मानू नका. साबण-पाण्यानं जागा धुवा, कातडी फाटली असेल तर दवाखान्यात या. चावणाऱ्याचं वय दोन-अडीच असेल आणि दाढा येत असतील तर त्याला चावायला गाजराऐवजी (अडकण्याची भीती असते) ओला गार रुमाल द्या. गर्दीत चावत असेल तर गट लहान करा.

बालवाडी संचालिका, राजारामपुरी

कोल्हापूरचा पाऊस लागला की मुलं दिवसचे दिवस आत कोंडली जातात, तेव्हा हातांना काम हवं. त्यासाठी खेळायची कणीक: २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, २ चमचे तेल, चिमूटभर हळद, आणि पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी थोडं थोडं घाला, चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. जुलैच्या दमट हवेत मीठ ओल ओढतं आणि दुसऱ्या दिवशी गोळा चिकट होतो. मूठभर मैदा घालून परत मळून घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बोटाला चिरा असलेल्या मुलाला देऊ नका, मीठ झोंबतं आणि ते चिडून शेजाऱ्यावरच जातं. एका मुलाला लिंबाएवढा गोळा पुरतो. सगळे गोळे सारख्या मापाचे करा, नाहीतर पहिलं भांडण त्यावरूनच होतं.