दोन्ही पक्षांना हसवणारा संच

कम्युनिटी कॉलेजच्या (अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयाच्या) निधीसंकलनाच्या मेजवानीत राजकीय विनोद ठेवला तर देणगीदार दुरावतील, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. वॉशिंग्टनचा 'कॅपिटॉल स्टेप्स' हा राजकीय विडंबनगीतं गाणाऱ्या कलाकारांचा संच घ्या. १९८१ साली सिनेटर चार्ल्स पर्सी यांच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी नाताळच्या पार्टीसाठी गाण्यांची विडंबनं रचली, तिथून ही मंडळी उभी राहिली. ती दोन्ही पक्षांची खिल्ली उडवायची, म्हणून डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन एकाच टेबलावर बसून हसायचे. करोनात प्रयोग थांबले आणि २०२१च्या जानेवारीत संच बंद झाला. फार वाईट वाटलं.

पैशाचं मात्र नीट बघा. अमेरिकेच्या करनियमांत तिकिटाची सगळी रक्कम देणगी ठरत नाही. जेवण-कार्यक्रमाची वाजवी किंमत वजा करून उरते तेवढ्यावरच करसवलत. तिकिटाची रक्कम ७५ डॉलरच्या वर असली तर संस्थेला देणगीदाराला हे लेखी कळवावं लागतं. शिवाय कलाकारांचं मानधन आधी प्रायोजकाकडून मिळवा, मगच तारीख ठरवा. दिवसभर नोकरी करून रात्रीच्या वर्गाला येणाऱ्यांचं शिक्षण पुस्तकांच्या, बसभाड्याच्या पैशांअभावीही सुटतं. तिकिटांचे पैसे त्यांच्याकडेच जायला हवेत.