खुराडं मोडलं, आता कोंबड्या कुठे डालायच्या? (अनुभव धागा)

सुपारीवाली

परवाच्या वळवाच्या पावसात शेजाऱ्यांच्या खुराड्यावर माड कोसळला. घरातली सगळी माणसं पत्रे गोळा करायला धावली आणि कोंबड्या अंधारात कुंपणाकडे गेल्या. मला २०२० चा जून आठवला. म्हणून हा धागा. वादळ, पूर, बिबट्या, कुत्री, कारण काहीही असो. खुराडं गेल्यावर पक्षी कसे राखलेत ते लिहा. राखता आले नसतील तर तेही लिहा, ते जास्त उपयोगाचं.

सुरुवात मीच करते. आम्ही श्रीवर्धन तालुक्यातले. ३ जूनच्या दुपारी निसर्ग वादळ आलं तेव्हा परसात पंचवीस कोंबड्या होत्या. खुराडं चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. पक्कं म्हणून मी मिरवत असे. पोफळींची आख्खी रांग त्याच्यावर आडवी झाली. चिरे जागच्या जागी राहिले, कौलांचा चुरा झाला. चार कोंबड्या तिथेच गेल्या, बाकीच्या भिंतीच्या आडोशाला एकमेकींना चिकटून बसलेल्या सापडल्या. त्या रात्री सगळ्या पडवीत घेतल्या. काही झापाखाली, काही डालग्यात, उरलेल्यांवर जुनी मच्छरदाणी. एकही गेली नाही.

घात दुसऱ्या रात्री झाला. दिवसभर पडलेली झाडं तोडून वाट करत होतो. वीज नाही, फोन नाही. कोंबड्या सकाळी मोकळ्या सोडलेल्या, संध्याकाळी येतील आपल्या पडवीत, असं धरून चाललो. कशाला येतात! दिवेलागणीला त्या आपापल्या पायांनी जाऊन त्या मोडक्या खुराड्यातच बसल्या, उघड्या आभाळाखाली, आपापल्या नेहमीच्या जागेवर. आमच्या ध्यानात येईस्तोवर मिट्ट काळोख झाला होता, आणि पडलेल्या पोफळींतून तिथवर पोचताही येईना. उजाडल्यावर मोजल्या तर सात कमी. पिसांचा माग कुंपणापर्यंत गेलेला. बाऊल असणार, रानमांजर.

चौदा उरल्या त्या चार दिवस पडवीतच कोंडून ठेवल्या. सासऱ्यांनी मोडक्या खुराड्यातली बसायची काठी काढून आणली, विष्ठेने पांढरी झालेली, आणि पडवीच्या दोन खांबांना बांधली. मी म्हटलं, निदान धुऊन तरी घ्या. ते म्हणाले, धुऊ नकोस. संध्याकाळी पहिली तांबडी त्या काठीवर चढली आणि तिच्यामागून बाकीच्या.

वाशिष्ठीकाठ

चिपळूण, २२ जुलै २०२१. आमच्याकडे पाणी चढायला लागल्यावर हातात जेमतेम पाऊण तास होता. अकरा कोंबड्या दोन गोणपाटांत भरून माळ्यावर टाकल्या. गोणपाटात भरू नका. दोन गुदमरून गेल्या. पाय बांधून परातीत ठेवल्या असत्या तरी जगल्या असत्या.

पण खरी चूक नंतरची. पाणी ओसरल्यावर खुराड्यात वीतभर गाळ. तो उपसला, धुतलं, तिसऱ्या दिवशी वरून कोरडं दिसलं म्हणून तूस पसरून कोंबड्या आत सोडल्या. आठवडाभरात पिसं फुगवून, डोळे मिटून एका कोपऱ्यात बसायला लागल्या आणि विष्ठेत रक्त. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्ती हगवण सांगितली, पाण्यातून अँप्रोलियम दिलं. पाच वाचल्या.

त्यांनीच एक साधी परीक्षा शिकवली. खालचं तूस मुठीत घेऊन दाबायचं आणि मूठ उघडायची. लाडू राहिला तर ओलं, विस्कटलं तर चालेल. आमचा तेव्हा चक्क लाडू झाला, वर पाण्याचा ओघळ मनगटावर. मग चार बोटं माती खरवडून काढली, कळीचा चुना मारला, आणि जुलैत ऊन कुठून आणणार, म्हणून चुलीतली राख रोज पाटीभर. तोवर कोंबड्या वरच्या खोलीत. बायकोचं आणि माझं त्या खोलीवरून झालेलं बोलणं इथे लिहीत नाही.

तिठ्यावरचो

तौक्ते वादळाच्या वेळची गोष्ट, मे २०२१, मालवण तालुको. आमचो गुडो, म्हणजे खुराडं, उडालो तो शेजाऱ्याच्या विहिरीवर जाऊन पडलो. कोंबड्या कुंपणावर, रतांब्यावर, जिथे मिळेल तिथे. मी भर उजेडात त्यांच्यामागे धावत होतो. एक हाताला लागेना. आजी ओटीवरून ओरडली, "अरे, कित्याक धावतंस? कोंबयेक राती दिसना नाय. काळोख पडांदे, मगे जा आणि पिकलेल्या आंब्यासारखी काढ!"

तसंच केलं. बॅटरी खालच्या बाजूला धरून, तोंडावर न मारता, छातीखाली हात घालून एकेक उचलली. पंधरा मिनिटांत सतरा. जे आपल्याला सोपं तेच बाऊलालाही सोपं, म्हणून हे काळोख पडल्या पडल्या करायचं, जेवून झाल्यावर नाही.

ऊसवाट

जुन्नर. आमच्या पट्ट्यात ऊस म्हणजे बिबट्याचं माजघर. खुराड्याला षटकोनी कोंबडी जाळी होती. ती कोंबडीला आत ठेवायला असते, बिबट्याला बाहेर ठेवायला नाही, हे मी एकतीस पक्ष्यांच्या हिशोबात शिकलो. त्याने पंजाने जाळी फाडली आणि तीन नेल्या. नऊ मात्र त्याने शिवलंही नव्हतं, त्या भिऊन जाळीवर आपटून आपटून मेल्या होत्या.

भाऊ म्हणाला, आज रात्रीपुरतं फाटकं तोंड तारेने शिवू. मी नाही म्हटलं, कारण एकदा घास मिळालेल्या जागी जनावर परत येतं. संध्याकाळीच एकोणीस पक्षी रिकाम्या कांदा चाळीत नेले, फटींना आतून फळ्या ठोकल्या. रात्री अडीचला तो आला. खुराड्यात फिरल्याचा आवाज आम्ही खिडकीतून ऐकला. बॅटरी घेऊन बाहेर जाणाऱ्यातले आम्ही नव्हे, आणि कुणी जाऊही नये. सकाळी ओल्या मातीत ठसे होते, खुराड्याभोवती दोन फेरे.

आता वेल्डमेश, म्हणजे सांधे जोडलेली जाड तारेची जाळी आहे, अर्धा इंची, आणि जमिनीत फूटभर पुरलेली, कारण खालून कुत्री उकरतात. छपरालाही तीच. अंडी तीन आठवडे बंद होती. खाद्य बदलू नका, मारू नका, विकू नका. आपोआप सुरू होतात.

चौथी बॅच

गावठीवाल्यांना हा अनुभव कदाचित लागू नाही, पण लिहितो. संगमनेरकडे आमचं ब्रॉयलर शेड आहे, कराराचं. एप्रिलमधल्या अवकाळीत वाऱ्याने एका अंगाचे पत्रे नेले. शेडात चार हजार पक्षी, पंचवीस दिवसांचे. पत्र्याखाली सापडून फार तर पंधरा मेले असतील. सकाळी उचलले दोनशेच्या वर.

झालं असं की पाऊस आत आला, लाइट गेली, आणि पक्षी कोरड्या कोपऱ्याकडे सरकले. एकावर एक. गुडघ्याइतका ढीग. वरचे जिवंत, मधले गरम, खालचे गेलेले. आम्ही तेव्हा बाहेर ताडपत्री बांधण्यात गुंतलो होतो! आत माणूस हवा होता. पत्रे उडाले तरी पक्षी लगेच मरत नाही, चेंगरून मरतो.

पुढच्या रात्री पिल्लांच्या वेळचे चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवती गोल लावायच्या पट्ट्या, काढले आणि तीनशे-तीनशेचे गोल कप्पे केले. कोपरा ठेवायचाच नाही. जनरेटरवर चार बल्ब, आणि मी व गडी आळीपाळीने आत खुर्ची टाकून. कुठे ढीग व्हायला लागला की हलक्या हाताने पांगवायचं. पाण्यात गूळ आणि इलेक्ट्रोलाइट. त्या रात्री मर सहा. नुकसान कुणाच्या खात्यावर पडलं ते विचारू नका.

गुरांचा डॉक्टर

वरचं वाचून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ताडपत्री चारही बाजूंनी जमिनीपर्यंत आवळून बांधू नका. खालची ओल आणि विष्ठा मिळून अमोनिया तयार होतो. आत वाकल्यावर तुमच्या डोळ्यांना झोंबलं, तर त्यांची फुप्फुसं रात्रभर तेच ओढत असतात. वाऱ्याची बाजू झाका, समोरची छपराखाली हातभर उघडी ठेवा आणि तिथे जाळी लावा.

मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. त्यावर कुत्री येतात, आणि ती मग जिवंत कोंबड्यांकडे वळतात. विहिरीपासून लांब खोल खड्डा, चुना, वर माती. पण पुरण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा. नैसर्गिक आपत्तीत पंचनामा झाला तर मदत मिळते; २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांत ती पक्ष्यामागे १०० रुपये, कुटुंबाला जास्तीत जास्त १०,००० होती. फार नाही, पण पुरून मोकळे झालात तर तेही नाही. आणि जखम नसताना पक्षी पटापट मरायला लागले तर हात लावू नका, आधी दवाखान्याला कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून आम्ही हे घसा फोडून सांगतोय.

दोन घरच्या कोंबड्या एकाच आडोशाला ठेवायची वेळ आली, तर मधे फळी घाला. एकमेकींना टोचून रक्त काढतील, आणि एकीची मानमोडी (राणीखेत रोग) सगळ्यांना.

शार्लटकर

इथे नॉर्थ कॅरोलायनात परसात सहा कोंबड्या पाळतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या वाऱ्याने ओकची फांदी खुराड्यावर पडून दार वाकडं झालं. मी दोरी आणि साधी कडी लावून ठेवलं. इकडे रकून नावाचं एक हुशार जनावर आहे, मांजराएवढं, पण हात माणसासारखे. त्याने कडी काढली. फोडली नाही, काढली. शिवाय कोंबडी जाळीतून हात घालून त्याला जे मिळालं ते मी वर्णन करत नाही. उरलेल्या चार गॅरेजमध्ये, कुत्र्याच्या पिंजऱ्यात. आता दाराला गिर्यारोहणाचा कॅराबिनर आहे. आईला व्हिडिओवर दाखवला तर म्हणाली, आपल्याकडे याला कुलूप म्हणतात.

वाशिष्ठीकाठ

सुपारीवाली, एक विचारायचं राहिलं. पडवीत कोंबडा ठेवलात तर झोपत कसे होतात? आमच्याकडे पहाटे तीनपासून.

सुपारीवाली

झोपत नव्हतो. मग सासऱ्यांनी त्याच्यावर उंचीला बेताचं डालगं घातलं आणि वर गोधडी टाकली, कडेला हवेला जागा ठेवून. कोंबड्याला मान ताठ करून वर उचलता आली नाही की आरव नीट निघत नाही म्हणतात. आमच्या कोंबड्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. आरवायचा, पण दबक्या आवाजात, गोधडीतून, आणि सासरे खाटेवरून "हो हो, उठलो" म्हणायचे.

नवीन खुराडं पुढच्या जानेवारीत बांधलं. छप्पर पत्र्याचं, खिळ्यांऐवजी जे-बोल्टने आवळलेलं. काठी जुनीच.