मदत हवी आहे: जीएम पिकांच्या मसुद्यावर हरकत कशी लिहायची? (तातडीचं, २०२५)

काळी_माती:
नमस्कार. जीएम (जनुकीय बदल केलेल्या) पिकांबद्दल केंद्र सरकारने हरकती-सूचना मागवल्यात. आमच्या अध्यक्षांनी ते काम माझ्या गळ्यात घातलंय, का तर म्हणे "तुझं इंग्रजी बरं आहे". मसुदा तीनदा वाचला, तिन्ही वेळा डोक्यावरून गेला. आतापर्यंत बारा मुद्दे काढलेत: कॅन्सर, ॲलर्जी, मधमाश्या, देशी वाण, कंपन्यांची मक्तेदारी वगैरे. कुणाकडे तयार नमुना असेल तर द्या. जीएम चांगलं की वाईट ही चर्चा कृपया इथे नको, मुदत संपत आलीय.

पिंपळपान:
कोणता मसुदा? कोणतं पीक? मुदत नक्की कधी संपते? आणि पाठवताय कुणाच्या वतीने?

काळी_माती:
जीएमचाच हो. सध्या चालू आहे तो.

पिंपळपान:
"सध्या चालू आहे तो" असं सरकारात काही नसतं. खाद्यपदार्थांच्या लेबलाचं अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे असतं, लागवडीचं पर्यावरण मंत्रालयाकडे. पहिल्या पानावरचं शीर्षक जसंच्या तसं इथे टाका.

बोंडवाला:
ताई, लिहायचं तर गुलाबी बोंडअळीचं लिहा. २००२ला बीटी कपाशी आली (जिवाणूचं जनुक घातलेली, अळी मारणारी), २००६ला दोन जनुकांची आली. दुकानदार म्हणे आता बोंडअळी विसरा. २०१७ला आमच्या वावरात बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडून चिकटलेली. निम्मी वेचणी कवडीची झाली. उपाय एकच, कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे. हेक्टरी पाच लावा, त्यातली वासाची गोळी (ल्यूर) वेळेवर बदला आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा पीक, घेऊ नका. सरकारला हेच कळवा.

सूक्ष्मदर्शी:
काका, अळी बीटीला सरावली याला आपणही कारण आहोत. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट यायचं, ते कडेने पेरायचं होतं. म्हणजे तिथे साध्या अळ्या वाचतात, त्यांचा सरावलेल्यांशी संकर होतो आणि प्रतिकारशक्ती हळू पसरते. किती जणांनी पेरलं?

बोंडवाला:
खोटं कशाला बोलू? आमचं गोठ्यात खुंटीला टांगलेलं असायचं. पाऊस लांबला की नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला काढायचो. पण ते कशासाठी आहे हे विकणाऱ्याने एकदा तरी सांगितलं का? पाकीट हातात दिलं, पैसे घेतले, झालं.

विषमुक्त_ताट:
मूळ प्रश्न कुणीच विचारत नाहीये. झाडाच्या पानापानात कीटकनाशक! जे खाऊन अळी मरते ते माणसाला कसं चालेल?

सूक्ष्मदर्शी:
अळीच्या आतड्यात अल्कधर्मी वातावरण असतं. तिथे बीटीचं क्राय प्रथिन विरघळतं, आतड्याच्या अस्तराला चिकटतं आणि छिद्रं पाडतं. आपल्या जठरात आम्ल असतं आणि ते चिकटायला लागणारे ग्राही (रिसेप्टर) आपल्या आतड्यात नाहीत. ज्या जिवाणूचं हे जनुक आहे तो जिवाणूच सेंद्रिय शेतीत फवारतात. आणि बीटी कपाशीच्या सरकीचं तेल आपण वीस वर्षं खातोय की.

विषमुक्त_ताट:
तेलात प्रथिन उरतच नाही, मग तेलाचा दाखला कसला देताय? वांगं आपण अख्खं खातो.

सूक्ष्मदर्शी:
तेलाचं मान्य. उदाहरण चुकलं. पण बांगलादेशात २०१४पासून बीटी वांगं पिकतंय.

जुना_गडी:
वांग्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. जानेवारी २०१०मध्ये नागपूरच्या जनसुनावणीला मी होतो. जयराम रमेश तेव्हा पर्यावरण मंत्री, सात शहरांत फिरले. सभागृहात निम्मे लोक मंत्र्यांपेक्षा एकमेकांवरच ओरडत होते. आदल्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या जीईएसी समितीने बीटी वांग्याला मंजुरी दिलेली, ९ फेब्रुवारीला त्यांनी स्थगिती दिली. समितीच्या नावातला 'मंजुरी' शब्द जाऊन 'मूल्यांकन' आला तोही त्याच साली. तेव्हाचा डबा मात्र फार छान होता, वांग्याचं भरीतच होतं!

कोळपं:
निंदणाला माणूस मिळत नाही आणि तुम्ही भरीत खा. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला मान्यता द्या अशी 'हरकत' देता येते का? नाहीतरी चोरबीटी (तसलं बेकायदा बियाणं) गावोगाव आहेच. कुणाकडे पाकिटं

संपादक:
वरचा प्रतिसाद अर्ध्यात कापला आहे. बिनपावतीच्या बियाण्याची चौकशी इथे करू नये.

काळी_माती:
झालं सगळ्यांचं? घ्या शीर्षक: जीएम जिवांबाबतच्या १९८९च्या नियमांत सुधारणा, अधिसूचना ३१ डिसेंबर २०२४ची, हरकतींना ६० दिवस. आम्ही सेंद्रिय शेतकऱ्यांचा गट आहोत. हे आधी सांगायला हवं होतं, मान्य. आमची खरी भीती एवढीच आहे की शेजारच्या शेतातून पराग आला आणि तपासणीत सापडला तर सेंद्रियचं प्रमाणपत्र आमचं जाईल.

पिंपळपान:
अहो ताई! या मसुद्यात पिकांच्या सुरक्षिततेचा विषयच नाही. ज्या समितीपुढे जीएमचे अर्ज जातात, त्या जीईएसीच्या सदस्यांच्या हितसंबंधांबद्दल आहे तो. सदस्याचा एखाद्या प्रस्तावाशी संबंध असेल तर त्याने तो सांगायचा आणि त्या विषयापुरतं बाहेर थांबायचं, एवढाच गाभा. तुमचे बारा मुद्दे पाठवलेत तर 'मसुद्याशी संबंधित नाही' या गठ्ठ्यात जातील.

असं करा. कलमाचा क्रमांक, आत्ताचा मजकूर, तुमचा सुचवलेला मजकूर, दोन ओळींत कारण. उदाहरणार्थ: 'सदस्याने जाहीर केलेले हितसंबंध, तसेच तो कोणत्या विषयाच्या वेळी बाहेर होता, हे बैठकीच्या इतिवृत्तासोबत संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे.' कारण तुम्हीच लिहा: फाइलीत ठेवलेली कबुली शेतकऱ्याला दिसत नाही. गटाचा ठराव जोडा. साठ दिवस मोजायचे ते राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या त्या तारखेपासून, म्हणजे कदाचित तुमच्या हातात वाटतात त्यापेक्षा जास्त दिवस असतील.

परागाचा मुद्दा टाकून देऊ नका. जीएम मोहरीच्या खटल्यात जुलै २०२४ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं मोहरीवर जमलं नाही, पण राज्यं, शेतकरी, तज्ज्ञ अशा सगळ्यांशी बोलून राष्ट्रीय धोरण करा यावर जमलं. तो मुद्दा तिथला. भरपाई कोणी द्यायची आणि दोन शेतांत अंतर किती, हे आत्ताच लिहून ठेवा.

विषमुक्त_ताट:
म्हणजे आता सुरक्षिततेवर बोलायचंच नाही का?

पिंपळपान:
बोला की. या अर्जात नको.

काळी_माती:
दोन मुद्दे ठेवले, दहा काढले. अध्यक्ष म्हणाले "एवढंसंच?" मी म्हटलं सही करा. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही केलं. पिंपळपान, खूप आभार.

बोंडवाला:
सापळ्यांचं घातलंत का?

काळी_माती:
नाही काका.