मदत हवी आहे: नवीन किचनच्या कपाटांमुळे डोळे चुरचुरतात, गिऱ्हाईक ई१ चा कागद मागतंय

रंधा_नाशिक
नमस्कार मंडळी. अंबडला माझं मॉड्युलर किचनचं वर्कशॉप आहे, नऊ माणसं, चौदा वर्षं झाली. बिजागरी बसली, चॅनेल अडकतंय, लॅमिनेट सुटलं अशा तक्रारी नेहमीच्या, पण हवेची तक्रार पहिल्यांदाच आलीय आणि मला त्यातलं ओ का ठो कळत नाहीये.

गंगापूर रोडला एक किचन दीड महिन्यापूर्वी बसवलं. कारकास (कपाटाचा सांगाडा) १८ मिमी प्रीलॅम म्हणजे आधीच लॅमिनेट चिकटवलेला पार्टिकल बोर्ड, सिंकखाली बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं प्लाय, शटर एमडीएफवर (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) सागाचं व्हिनिअर म्हणजे पातळ पापुद्रा आणि त्यावर मेलामाईन पॉलिश, ते आमच्याच शेडमध्ये मारलं. ताई म्हणतात सकाळी ट्रॉली उघडली की डोळे चुरचुरतात, धाकटीला खोकला लागलाय. मी जाऊन नाक खुपसून बघितलं, वास होता, नाही असं नाही, पण मला तर नवीन फर्निचरचा वाटला. मग त्यांच्या आर्किटेक्टने ऑनलाइन मागवलेलं, फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू मोजायचं मीटर काढलं, ते आधी ०.२ दाखवत होतं, ताईंनी हाताला सॅनिटायझर लावलं तर एकदम ०.९ वर उडालं, तरी तो म्हणतो बघा, विषारी आहे. माझे शेवटचे साठ हजार अडकलेत, ई१ चा कागद आणा मग घेऊन जा म्हणतात.

डीलरकडे कागद मागितला तर त्याने व्हॉट्सॅपवर झेरॉक्सचा फोटो धाडला, तोही १२ मिमीच्या बोर्डाचा, तारीख पाच वर्षांपूर्वीची. ई१, ई०, कार्ब ही काय भानगड आहे? प्लायवर आयएसआय मार्क आहे, तो पुरत नाही का? आणि आता बसलेल्या किचनचं करू काय, सगळं उचकटायचं का?

पॅनलसॉ_भोसरी
दादा, उचकटू नका. आधी कडा बघा. आपण पुढच्या कडेला दोन मिमीचा बँड (पट्टी) मारतो आणि मागची, खालची बाजू उघडी सोडतो, कारण भिंतीकडे कोण बघतंय. बोर्डाच्या डिंकातला हा फॉर्मल्डिहाइड वायू सगळ्यात जास्त त्या कापलेल्या कडेतून निघतो. बिजागरीचं ३५ मिमीचं भोक, वायरसाठी पाडलेली भोकं, ६ मिमीचा बॅक (पाठीचा बोर्ड) एका बाजूने कोरा असला तर तोही. चारही कडांना बँडिंग, भोकांना सीलर, बॅक दोन्ही बाजूंनी लॅमिनेटचा, एवढ्याने आमच्याकडे बराच फरक पडला.

सोनचाफा
कपाटात कडुनिंबाचा पाला आणि कापूर ठेवा, वास जातो.

केमिस्टकाकू
कापराने वास झाकला जातो हो, वायू तिथेच राहतो.

मी फर्निचर एक्स्पोर्ट करणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होते, अमेरिकेला माल जायचा, त्यामुळे हे कागद बरेच चाळलेत. आयएसआयचं आधी. आयएस ७१० च्या मरीन प्लायला, म्हणजे तुमच्या बीडब्ल्यूपीला, ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून डिंक सुटतो का बघतात. ती पाण्याची परीक्षा झाली, हवेची नाही. पण योगायोगाने त्यात बहुतेक फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, तो काळपट लाल, आणि तो युरियावाल्यापेक्षा खूपच कमी वायू सोडतो. म्हणजे सिंकखालचं प्लाय बहुधा निर्दोष. स्वस्त पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइड, तो ओल आणि उष्णता मिळाली की हळूहळू फुटतो, वर्षानुवर्षं.

ई१ हा बोर्डातून किती फॉर्मल्डिहाइड निघतो त्याचा युरोपातला वर्ग. बंद चेंबरमधल्या हवेत ०.१२४ मिलीग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे ०.१ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) आत. दुसरी पद्धत परफोरेटरची, म्हणजे बोर्डाचे तुकडे उकळून आतला फॉर्मल्डिहाइड काढून मोजायची, त्यात १०० ग्रॅम बोर्डामागे ८ मिलीग्रॅम, आपला आयएस १३७४५ त्याच पद्धतीचा. कागदावर कुठलं एकक आहे ते बघा, ही दोन एकमेकांशी ताडू नका. ई० वर भुलू नका, युरोपच्या मूळ वर्गवारीत ते नाहीच, ज्याला जे वाटेल ते छापतो. कार्ब फेज २ हा कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा नियम, आणि कतरिना वादळानंतर सरकारने दिलेल्या ट्रेलरांमध्ये लोकांना त्रास झाला तेव्हा २०१० मध्ये अख्ख्या अमेरिकेसाठी कायदा झाला, आकडे तेच ठेवले: प्लाय ०.०५, पार्टिकल बोर्ड ०.०९, एमडीएफ ०.११ पीपीएम. कागदावर कारखान्याचं नाव, जाडी, तारीख आणि टेस्टची पद्धत नसेल तर तो रद्दीत घाला. तुमच्या डीलरचा तसाच.

आता मुद्द्याचं. ई१ ची चाचणी २३ अंशांवर होते, एका घनमीटर हवेला एक चौरस मीटर बोर्ड, आणि तासाला एकदा हवा बदलते. तुमचं किचन धरा ८ बाय १० फूट, उंची ९, म्हणजे साधारण २० घनमीटर. बोर्डाचे ८ बाय ४ चे १२ शीट लागले असतील तर दोन्ही बाजू मिळून ७० चौरस मीटरच्या वर. चाचणीच्या साडेतीनपट झालं. वर नाशिकचा मे महिना आणि बंद खिडक्या. म्हणून खरा ई१ बोर्ड लावूनसुद्धा डब्ल्यूएचओची घरातली मर्यादा, अर्ध्या तासाला सरासरी ०.१ मिलीग्रॅम, ओलांडली जाऊ शकते. कागद दाखवून पैसे मिळतील, चुरचुर राहील.

त्या मीटरचं म्हणाल तर त्यातला सेन्सर अल्कोहोल आणि थिनरलाही उडतो, तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंच आहे.

आणि एक विचारते, मेलामाईन पॉलिशमध्ये हार्डनर (पॉलिश सुकवणारं आम्ल) कोण घालतं? ते आम्लाने सुकणारं पॉलिश आहे, सुकताना ते स्वतःच फॉर्मल्डिहाइड सोडतं, पहिले काही आठवडे जास्त. सगळे बोर्डाच्या मागे लागतात आणि हे कुणी बघतच नाही.

रंधा_नाशिक
काकू, हार्डनर पोरं अंदाजाने ओततात. अवकाळी पावसाची हवा होती, लवकर सुकावं म्हणून मीच म्हटलं होतं थोडा जास्त घाल. आता काय बोलू.

केमिस्टकाकू
बोलू नका, बघा. लोणच्याच्या काचेच्या बरण्या घ्या, घट्ट झाकणाच्या. एकात कोरा बोर्ड, एकात सगळ्या कडा बंद केलेला, एकात त्याच लॉटच्या पॉलिशचा तुकडा, सारख्या मापाचे. दिवसभर उबदार जागी ठेवा, मग झाकण उघडून हाताने वारा घेत वास घ्या, नाक आत घालू नका. सर्टिफिकेट नाही होणार, पण दोषी कोण ते कळेल. खरा आकडा हवा तर लॅबला नमुना द्या, हवा पंपाने ओढून डीएनपीएच या रसायनाच्या ट्यूबवर घेतात.

पॅनलसॉ_भोसरी
आणि दादा, शेडमधल्या पोरांचं पण बघा. गिऱ्हाईक रोज अर्धा तास किचनमध्ये असेल, ती पोरं नऊ तास पॉलिशच्या खोलीत. एमडीएफची धूळ वेगळीच, लाकडाची धूळ कॅन्सर नक्की करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकून बरीच वर्षं झाली. मी डस्ट कलेक्टर घेतला तेव्हा घरात खूप ऐकलं, आता पोरं सुट्टीला जात नाहीत हे मात्र खरं.

रंधा_नाशिक (चार दिवसांनी)
बरण्या ठेवल्या. कोऱ्या बोर्डाचा वास आला, कडा बंद केलेल्याचा जवळपास नाहीच. तिसरी बरणी उघडली आणि मला हात लांब करावा लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो तुकडा दीड महिन्याचा आहे, थिनर कधीच उडून गेलेलं असणार.

ताईंना फोन करून खरं सांगितलं की बोर्डाचा कागद माझ्याकडे नाही, आणि चूक पॉलिशची दिसतेय. शनिवारी चौदा शटर उतरवून आणतोय, घासून त्यावर पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारायचा, कडा आणि भोकं तिकडेच सील करतो. तोवर त्यांना सांगितलंय सगळे कप्पे उघडे आणि एक्झॉस्ट चालू ठेवा. काकू, पीयूचं काही असेल तर आत्ताच सांगा.

केमिस्टकाकू
मारताना आयसोसायनेट नावाचं श्वासाला घातक रसायन असतं त्यात, फवारणाऱ्या पोराला साधा रुमाल चालणार नाही, कार्ट्रिजचा मास्क द्या. सुकल्यावर आठवडाभर शेडमध्येच टांगून ठेवा, मग न्या. आणि हार्डनर मोजून.

रंधा_नाशिक
मापाचे मग आणलेत, दोन. ताई म्हणाल्या साठ हजारातले वीस आत्ता देते, बाकी शटर लागल्यावर. धाकटीचा खोकला कमी आहे म्हणे, ती आजीकडे झोपतेय सध्या.