अँटिट्रस्ट: न्यासविरोधी, मक्तेदारीविरोधी की आणखी काही?

तळटीप:
औषधविक्री आणि रुग्णालयांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. हाताशी असलेल्या शब्दावलीत 'अँटिट्रस्ट लॉ'ला, म्हणजे बाजारातली स्पर्धा मारणाऱ्यांना आवरणाऱ्या कायद्याला, 'न्यासविरोधी कायदा' दिलंय. वाचणाऱ्याला वाटेल, धर्मादाय रुग्णालयांवरच कुणी उठलंय. 'मक्तेदारीविरोधी' लिहू का?

रविवारचा वकील:
'न्यासविरोधी' आधी खोडा. १८८२ साली रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलने अनेक तेल कंपन्यांचे शेअर मूठभर विश्वस्तांच्या हाती दिले, म्हणून अमेरिकेत असल्या मोटेला 'ट्रस्ट' म्हणू लागले. १८९० चा अमेरिकेचा शर्मन कायदा या ट्रस्टांविरुद्ध होता. आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की धर्मादाय आयुक्त. आपला कायदा म्हणजे स्पर्धा अधिनियम, २००२, आणि तक्रार ऐकतो भारतीय स्पर्धा आयोग. 'स्पर्धा कायदा' लिहा, सुटलात.

खलबत्ता:
'स्पर्धा कायदा' म्हणजे क्रीडा खात्याचा वाटतो हो! 'मक्तेदारी'त दम आहे. 'अकलेचा मक्ता काय तुम्हीच घेतलाय?' हे शेंबड्या पोरालाही कळतं.

घाऊकवाला:
दम आहे, पण जागा चुकतेय. मी औषधांच्या घाऊक धंद्यात आहे. गोव्याच्या केमिस्ट संघटनेविरुद्ध आयोगाने २०१२ साली आदेश दिला, ते प्रकरण बघा. अशा प्रकरणांतली तऱ्हा ठरलेली: संघटनेच्या एनओसीशिवाय कंपनीने नवा स्टॉकिस्ट नेमायचा नाही. नवं औषध आणलं की 'पीआयएस'चे, म्हणजे त्या औषधाची माहिती दुकानदारांपर्यंत पोचवण्याचे, पैसे संघटनेकडे भरायचे. मार्जिनही ठरलेलं, घाऊकला दहा टक्के, किरकोळला वीस. कंपनी अडून बसली तर तिचा माल कुणी उचलायचा नाही. अखिल भारतीय संघटनेला तर २०१३ साली ४७ लाखांवर दंड ठोठावला. आता यात मक्तेदार कोण? एकेकटं दुकान आपल्या गल्लीपुरतं. सगळे मिळून नाड्या आवळतात. याला साटेलोटे म्हणा.

रविवारचा वकील:
मुद्दा पटला, शब्द नाही. साटेलोट्यात दोन बाजू लागतात, तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. एकाच बाजूचे शेकडो दुकानदार एकत्र आले तर ते संगनमत. कायद्यातही ही प्रकरणं वेगळी आहेत: कलम ३ खाली स्पर्धेला मारक करार, कलम ४ खाली वर्चस्वाचा गैरवापर.

साटेलोटे शोभेल ते दिल्लीच्या सिरिंजच्या तक्रारीला. २०१५ साली एका ग्राहकाने मॅक्स रुग्णालय आणि बेक्टन डिकिन्सन कंपनीविरुद्ध आयोगाकडे तक्रार केली. रुग्णालयाच्या औषध दुकानात सिरिंज साडेएकोणीस रुपयांना, छापील किंमतच तेवढी. त्याच कंपनीची तशीच सिरिंज बाहेर दहाला मिळाली, तिच्यावर छापलेले साडेअकरा. दोघांनी मिळून छापील किंमत फुगवली, असा आरोप. आरोप हं, निकाल नव्हे. २०१८ साली आयोगाने तपास इतर मोठ्या रुग्णालयांपर्यंत वाढवला.

तळटीप:
पण दिल्लीत रुग्णालयं पैशाला पासरी. मग वर्चस्व कसलं?

रविवारचा वकील:
खरा पेच तोच. भरती होईपर्यंत तुम्हाला शंभर दारं उघडी. एकदा सलाईन लागलं की तुमच्यापुरता बाजार म्हणजे तळमजल्यावरची ती एक खिडकी. म्हणून तिथे 'वर्चस्व' हवं. 'मक्तेदारी' म्हटलंत तर समोरचा वकील शहरातल्या रुग्णालयांची यादीच पुढे करेल.

खलबत्ता:
आणि 'एकाधिकार'?

घाऊकवाला:
नको. विदर्भात एकाधिकार म्हटलं की कापूस खरेदी योजना आठवते. तो सरकारने कायदा करून स्वतःकडे घेतलेला हक्क होता.

तळटीप:
मग कायद्याला 'स्पर्धा कायदा', दुकानदारांना 'संगनमत', रुग्णालयाला 'वर्चस्वाचा गैरवापर'. 'मक्तेदारी' उपशीर्षकातसुद्धा नको? संपादक मागे लागलेत.

खलबत्ता:
द्या की उपशीर्षकात, कोण कोर्टात चाललंय! बरं, डॉक्टरांची 'कट प्रॅक्टिस' यातच येते का? तिथे तर शब्दही आयता आहे, कट!

रविवारचा वकील:
तो कट इंग्रजी, आपल्या कटकारस्थानातला नव्हे, जोडी मात्र झकास जमलीय. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायला बंदी आहे ती वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत. त्याची तक्रार स्पर्धा आयोगाकडे नाही, वैद्यक परिषदेकडे.