हॅरी डीन स्टँटन : लीडसाठी ५७ वर्षं थांबावं लागलं, हा अन्यायच ना?

रात्रपाळी :
काल परत अमेरिकन नट हॅरी डीन स्टँटनचा 'पॅरिस, टेक्सास' बघितला. तो काचेआडचा सीन, फोनवर बायकोशी बोलायचंय आणि हा खुर्ची फिरवून पाठ करून बसतो, म्हणजे तिच्याकडे बघायची हिंमतच नाही. १९२६ चा जन्म आणि हा पिक्चर १९८४ चा, तोपर्यंत हॉलिवूडने या माणसाला कैदी, गावगुंड, एफबीआयवाला असल्या किरकोळ रोलांत वापरून घेतलं. लीड दिला तोसुद्धा जर्मन दिग्दर्शकाने. ऑस्कर सोडा, साधं नॉमिनेशनही कधी नाही.

बिनसाखरेचा :
वापरून घेतलं काय, कामं मिळत होती की राव! तो चेहरा पंचविशीत लीडचा नव्हताच. आणि छोटे रोल म्हणजे कमी हा हिशोब मला पटत नाही. 'एलियन'मध्ये मांजर शोधायला जातो, टोपी काढून तोंडावर पाणी ठिबकू देतो, बस. पुढे काय होणार ते कळत असून आपण त्याच्यासोबत निवांत होतो.

रात्रपाळी :
हो, आणि लगेच मरतो. 😀 हेच म्हणतोय, दहा मिनिटांत एवढं देणाऱ्याला दोन तास दिले असते तर?

लोणचं_स्पेशल :
समीक्षक रॉजर ईबर्टचा नियमच होता, स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श (असाच दुसरा नट) सहायक भूमिकेत असेल तो पिक्चर पूर्ण वाईट असूच शकत नाही. नंतर त्याला अपवाद कबूल करावा लागला ते वेगळं. पण नियम 'सहायक भूमिके'चा आहे, लीडचा नाही, हे बघा.

बिनसाखरेचा :
तेच तर! 'ग्रीन माइल'मध्ये फाशीच्या, सॉरी, विजेच्या खुर्चीच्या रंगीत तालमीला कैदी बनून बसतो आणि बडबड करून सगळ्यांना हसवतो. तिथे स्टार बसवला असता तर वाट लागली असती.

रात्रपाळी :
मग टीव्हीचं काय? 'बिग लव्ह'मध्ये तो पंथाचा म्हातारा गुरू, थंड डोळ्यांचा, कित्येक एपिसोड मिळाले तेव्हा केवढा भरला तो. जागा मिळाली की दिसतो माणूस. आणि 'लकी', नव्वदीत परत लीड, २०१७ च्या सप्टेंबरमध्ये स्टँटन गेला आणि अमेरिकेत तो पिक्चर थिएटरला लागला त्यानंतर दोन आठवड्यांनी.

बिनसाखरेचा :
'लकी'बद्दल भांडत नाही. वाढदिवसाच्या पार्टीत अचानक स्पॅनिश गाणं म्हणतो तिथे माझी बोलतीच बंद झाली. अन्यायाचं मात्र अजून पटलेलं नाही.